कुठल्या गल्लीचं पोरगं

नोव्हेंबर उतरणीला लागला की एका संध्याकाळी शेजारच्या आजी आमच्याकडे येतात. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही, वहीत खोचलेली पेन्सिल, आणि ताटलीखाली झाकून आणलेला लिंबाचा केक. मेलबर्नमध्ये त्या दिवसांत रात्री आठपर्यंत उजेड रेंगाळतो. मागच्या अंगणातलं ऊन कुंपणावरून वर वर सरकत असतं. मी चहा टाकते, टीव्हीचा आवाज वाढवते, आणि आम्ही दोघी ड्राफ्ट बघायला बसतो.

ड्राफ्ट म्हणजे पोरांची वाटणी. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, ज्याला इथे सगळे फूटी म्हणतात, त्याचे अठरा क्लब आहेत. लंबगोल चेंडू, क्रिकेटएवढं मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब. वर्षातून एकदा हे क्लब ओळीने उभे राहतात आणि अठरा वर्षांची पोरं एकेक करून निवडतात. नाव पुकारलं जातं, कॅमेरा त्या पोराच्या घरी जातो. सोफ्यावर दाटीवाटीने बसलेलं सगळं घर एकदम उठतं. एका वर्षी एका पोराचं नाव आलं तेव्हा त्याच्या आईने आधी त्याची दुमडलेली कॉलर नीट केली, मग त्याला मिठी मारली. ती कॉलर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आमच्या क्लबची, वेस्टर्न बुलडॉग्जची, पाळी आली की आजी चष्मा पुसतात आणि नाव वहीत लिहितात. पेन्सिलीने. पोरगं मुख्य संघातून पहिला सामना खेळलं की तेच नाव शाईने गिरवायचं, हा त्यांचा नेम. वही चाळली की कळतं, शाईपेक्षा पेन्सिल जास्त आहे. पुसलेलं मात्र एकही नाव नाही.

मी कोल्हापूरची. फुटबॉल मला नवा नव्हता, पण पोरं निवडायची ही रीत अगदी नवी होती. आमच्याकडे फुटबॉल तालमीच्या अंगाने वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस: शाहू स्टेडियमवर हे संघ उतरले की त्यांच्यामागे अख्ख्या पेठा उतरतात. माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, खांद्यावर बसून मी पहिला सामना पाहिला. आमचा संघ कोणता, हे मला कुणी सांगितलं नाही. घराचा पत्ता असतो तसाच तो होता. नवीन कुणी चांगला खेळताना दिसला की आण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुठल्या गल्लीचं पोरगं हे?" चेंडू कसा मारतो, पळतो कसा, हे सगळं त्यानंतर.

त्या काळी मोसमाआधी खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस आले की गल्लीत एक दबलेली कुजबुज असायची. कोण कुठल्या तालमीकडून सही करणार? आमच्या गल्लीतला एक फॉरवर्ड एका वर्षी दुसऱ्या तालमीकडे गेला. त्या रात्री कट्ट्यावर कुणी बसलं नाही. पुढे तालमी बाहेरगावचे खेळाडू आणू लागल्या, मग परदेशातलेही. आफ्रिकेतून आलेला एक उंच बचावपटू आमच्या गल्लीत भाड्याने राहिला. आण्णा पहिलं वर्षभर कुरकुरत होते. दुसऱ्या वर्षी तोच पोरगा गणपतीच्या मिरवणुकीत गल्लीतल्या पोरांबरोबर नाचला, आणि त्याच्या गुडघ्याला मार बसला तेव्हा आण्णा स्वतः त्याला हाडवैद्याकडे घेऊन गेले. परतल्यावर कुणीतरी विचारलं, कुणाला नेलं होतं? आण्णा म्हणाले, "गल्लीतलंच पोरगं हाय."

2009 साली आम्ही मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात घर घेतलं. जवळच फूटस्क्रे, बार्कली स्ट्रीटवर आपल्या लोकांची दुकानं, आणि थोडं पुढे व्हिटन ओव्हल, बुलडॉग्जचं जुनं मैदान. हा मुलूख कामगारांचा. बंदराच्या, कारखान्यांच्या, कत्तलखान्यांच्या वाऱ्याचा. इथला क्लबही एकेकाळी पेठेचाच होता. 1986 पूर्वी ड्राफ्ट नव्हता. प्रत्येक क्लबला शहराचा एक भाग आणि गावाकडचा एक पट्टा ठरवून दिलेला असे, आणि त्या हद्दीतलं पोरगं त्या क्लबचं. फूटस्क्रेच्या, म्हणजे आजच्या बुलडॉग्जच्या, वाट्याला लॅट्रोब खोरं आलं होतं, तिथल्या ट्रारलगन गावातून बर्नी क्विनलन आला, केल्विन टेम्पलटन आला. डग हॉकिन्स तर हाकेच्या अंतरावरच्या ब्रेब्रुकचा. व्हिटन ओव्हलच्या ज्या बाजूने तो धावायचा तिला अजून त्याचंच नाव आहे. हे ऐकलं त्या दिवशी मला एकदम कोल्हापुरात बसल्यासारखं वाटलं.

पण हद्दीच्या त्या न्यायात एक मोठा अन्याय होता. ज्याची हद्द पिकाऊ त्याचा क्लब वर्षानुवर्षं वर, आणि ज्याची तिजोरी भरलेली तो दुसऱ्याच्या हद्दीत तयार झालेला खेळाडू पैसे मोजून नेणार. फूटस्क्रेचे किती चांगले खेळाडू असे गेले, हे आजी बोटं मोडत सांगतात. मग खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा आली आणि ड्राफ्टही आला. त्याचा गाभा एकच: मागच्या मोसमात जो तळाला राहिला, त्याने पहिल्यांदा निवडायचं.

मला हा नियम मनापासून पटतो. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या फेरीला बसणाऱ्यांना काय मिळतं ते आपण जाणतो. जिलबीच्या परातीत पाक उरलेला असतो. इथे मागच्या पंगतीतून उपाशी उठलेल्याला या पंगतीत पहिलं पान वाढतात. पैशाच्या खेळात असा नियम टिकवणं सोपं नाही. पहिलं पान मिळावं म्हणून कुणी जाणूनबुजून हरतं की काय, असा संशय इथे उठला, त्यावरून चौकश्याही झाल्या. मेलबर्न क्लबला 2009 च्या मोसमातल्या कारभाराबद्दल 2013 मध्ये 5 लाख डॉलरचा दंड झाला, मुद्दाम हरल्याचं मात्र सिद्ध झालं नाही. त्यानंतर पुष्कळांनी म्हटलं, हा क्रमच मोडून चिठ्ठ्या टाका. मला ते मान्य नाही. एखाद्याने भुकेचं सोंग घेतलं म्हणून खऱ्या भुकेल्याच्या पुढचं पान उचलायचं नसतं.

आणि आमचा क्लब खरा भुकेला होता. 1989 च्या ऑक्टोबरमध्ये फूटस्क्रे क्लब दिवाळखोर झाला म्हणून तो फिट्झरॉयमध्ये विलीन करायचं जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा पीटर गॉर्डन नावाचा तरुण वकील आणि हजारो साधी माणसं उभी राहिली. कोर्टातून मुदत मिळवली आणि तेवढ्या थोड्या दिवसांत दारोदार फिरून पैसे जमवले. आजी त्यांतल्याच एक. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, झाकणाला सुरीने पाडलेली चीर. चिरेच्या कडा वेड्यावाकड्या आहेत. घाईत पाडली होती. हा डबा घेऊन त्या संध्याकाळच्या पाळीनंतर स्टेशनबाहेर उभ्या राहत. डबा आता रिकामा असतो, पण त्या त्यात दुसरं काहीही ठेवत नाहीत.

ड्राफ्टच्या कोरड्या हिशेबात एक ओली जागा उरली आहे, ती म्हणजे बाप-लेकाचा नियम. ज्याच्या बापाने एखाद्या क्लबकडून 100 सामने खेळले, त्या मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क. या नियमाची मुळं फार जुनी आहेत. मेलबर्न क्लबचा रॉन बरासी 1941 मध्ये टोब्रुकच्या लढाईत मारला गेला. मागे त्याचा लहानगा मुलगा, नाव तेच, रॉन. मुलगा मोठा होऊ लागला तसे हद्दीच्या नियमाने दुसरे क्लब त्याच्यावर हक्क सांगू लागले. मेलबर्नने आग्रह धरला की हा आमच्या माणसाचा मुलगा आहे, तो आमच्याकडेच खेळेल. मुलासाठी नियम वाकला, आणि तो पोरगा पुढे या खेळातलं सर्वांत मोठं नाव झाला.

हल्ली या नियमाची किंमत मोजावी लागते. दुसऱ्या क्लबने त्या मुलावर बोली लावली की त्या बोलीच्या हिशेबाने आपल्या निवडी सोडाव्या लागतात. हे बरोबरच आहे. पूर्वी हक्क जवळजवळ फुकटात मिळायचा, आणि जिलाँगला गॅरी ॲब्लेटचा मुलगा 2001 मध्ये चाळिसाव्या क्रमांकावर मिळाला. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक तो पुढे दोनदा जिंकला. किंमत घ्या, पण नियम काढू नका. टोनी लिबरटोरे आमच्यासाठी खेळला, 1990 चं ब्राउनलो त्याचं. त्याचा टॉम 2010 मध्ये 41 व्या क्रमांकावर आला. टॉम चेंडूवर झेपावतो तेव्हा आजी कधीकधी चुकून बापाचं नाव घेतात. डेव्हिड डार्सी, त्याचा मुलगा ल्यूक आणि ल्यूकचा मुलगा सॅम, अशा तीन पिढ्या एकाच रंगात. तालमीत आजोबांचा फोटो भिंतीवर आणि नातू आखाड्यात, हे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता क्रमांकांबद्दल. ड्राफ्टच्या आधी पोरांची मापं घेतात. 20 मीटर किती सेकंदात, उभ्याने उडी किती, 2 किलोमीटर किती मिनिटांत. माणसं वर्षभर गावोगावच्या मैदानांवर वह्या घेऊन उभी असतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण 2001 चा ड्राफ्ट बघा. पहिले तिघे, ल्यूक हॉज, ल्यूक बॉल, ख्रिस जड, तिघेही नावाला जागले. त्याच ड्राफ्टमध्ये सॅम मिचेल 36 वा आणि डेन स्वान 58 वा, आणि दोघांनीही पुढे ब्राउनलो मिळवलं. त्याआधी 1990 मध्ये जेम्स हर्ड तर 79 वा होता. म्हणजे प्रत्येक क्लबने हर्डचं नाव वाचलं, आणि पुन्हा पुन्हा दुसऱ्याचं नाव पुकारलं. आमच्या तालमीतले वस्ताद नवीन पोरगं आलं की त्याची मांडी-छाती बघत नसत. त्याला दोन-चार वेळा पाडायला सांगत आणि तो उठतो कसा ते बघत. उठण्याचं माप कुठल्या घड्याळाने घ्यायचं?

मला वाटतं, या सगळ्याचं उत्तर मी 1 ऑक्टोबर 2016 ला दुपारी पाहिलं. बुलडॉग्ज सातव्या स्थानावरून अंतिम सामन्यात पोहोचले होते, समोर सिडनी. क्लबचं त्याआधीचं एकमेव विजेतेपद 1954 चं. तेव्हा आजी आठ वर्षांच्या होत्या आणि वडिलांच्या खांद्यावर होत्या. त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, हातात तो पत्र्याचा डबा. शेवटचं क्वार्टर. सामना अजून कुणाच्याच हातात नव्हता. सिडनीचा लान्स फ्रँकलिन, या खेळातला सर्वांत धोकादायक पाय, चेंडू घेऊन निघाला आणि मागून डेल मॉरिसने त्याला कवळ्यात धरून खाली आणलं. चेंडू सुटला. तो टॉम बॉइडने उचलला आणि साठेक मीटरवरून लाथाडला. समोर कुणी नव्हतं. चेंडू टप्पा खात, डुगडुगत, खांबांमधून गेला.

या दोन माणसांची नावं आजींच्या वहीत फार वेगवेगळ्या तऱ्हेने आली होती. डेल मॉरिसला कुणी पहिल्या फेरीत पुकारलं नव्हतं. तो वेरिबीच्या संघात खेळत होता आणि उमेदवारांच्या, म्हणजे रूकींच्या, यादीतून आत आला. त्या दिवशी त्याच्या पाठीच्या मणक्याला तडे गेलेले होते, हे नंतर कळलं. आणि टॉम बॉइड 2013 च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक. सिडनीच्या पश्चिमेकडच्या जायंट्स क्लबने त्याला घेतलं. वर्षभराने आमचा कर्णधार रायन ग्रिफन क्लब सोडून निघाला तेव्हा बुलडॉग्जनी ग्रिफन आणि सहाव्या क्रमांकाची निवड देऊन बॉइडला आणलं, सात वर्षांच्या करारावर. करार सुमारे सत्तर लाख डॉलरचा असल्याचं छापून आलं. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आणि मोठ्या संघातून नऊ सामने खेळलेला.

त्या शेवटच्या क्वार्टरमध्ये आणखी एकाने गोल केला, लियम पिकनने. त्याचे वडील बिली पिकन कॉलिंगवूडचे नावाजलेले खेळाडू. बाप-लेकाच्या नियमाने लियम तिकडचाच व्हायचा, पण त्या क्लबने त्याला घेतलं नाही. आमच्याकडे तो रूकी म्हणून आला. आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू जेसन योहानिसन, तोही रूकी ड्राफ्टमधला 39 वा. निकाल 89-67. आजींनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

बॉइडबद्दल मला अजून थोडं बोलायचं आहे. अंतिम सामन्याआधीच्या दोन वर्षांत स्टेडियममध्ये आमच्याच रांगांतून त्याच्या अंगावर त्याचा पगार फेकला जायचा. चेंडू सुटला की, "एवढे पैसे कशासाठी?" एकदा मीही म्हटलं होतं. आजींनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "किंमत त्याने लावलेली नाही." ते खरंच होतं. पहिला क्रमांक त्याने मागितला नव्हता. एकोणीस वर्षांच्या पोराच्या अंगावर आम्ही सगळ्यांनी मिळून तो आकडा चढवला, आणि मग ते वजन त्याला पेलतं की नाही हे पैसे देऊन बघायला गेलो. 2017 मध्ये तो मनाच्या आजारासाठी खेळापासून दूर झाला. मे 2019 मध्ये, तेविसाव्या वर्षी, करार बाकी असताना त्याने खेळ सोडला. एकूण 61 सामने. आजींच्या वहीत त्याचं नाव शाईचं आहे. त्याच्यापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही, फक्त त्या दिवशी एकदा पुन्हा गिरवलं.

म्हणून मला वाटतं, अठरा हे वय फार कोवळं आहे. पोरगं बारावीच्या पेपरांतून उठतं, आणि दोन आठवड्यांत पर्थहून मेलबर्नला, विमानाने चार तास लांब, अशा शहरात जातं जिथे त्याला कुणी ओळखत नाही. हे वय निदान एक वर्षाने वाढवायला हवं. बायकांची स्पर्धा 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा मुलींना आधी राज्य निवडायची मुभा होती, कारण पगार इतका थोडा होता की त्यासाठी घर सोडा असं कुणाला म्हणता आलं नसतं. मोठा पगार दिला म्हणजे अठराव्या वर्षी घर सोडणं सोपं होतं का? फोनवर मी आण्णांना ड्राफ्ट समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "व्हय गं, म्हणजे पोराला कुणी विचारतच न्हाई?" मी उशिराने आलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या. मार्लिअन पिकेटला रिचमंडने सत्ताविसाव्या वर्षी, 2019 च्या मोसमाच्या मध्यात घेतलं, आणि त्याचा पहिला सामना म्हणजे थेट त्या वर्षीचा अंतिम सामना. रिचमंड जिंकलं, त्याने गोलही केला. आण्णा म्हणाले, "बघ. पिकायला वेळ लागतो."

एकदा आजींनी वहीतलं एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. नव्वदच्या दशकातलं एक नाव, पेन्सिलीचं. क्लब लांबून आलेल्या पोरांना सुरुवातीला एखाद्या घरी राहायला ठेवतात. हा पोरगा आजींच्या घरी दोन वर्षं राहिला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या पट्ट्यातला. पहिल्या आठवड्यात तो रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावून नुसता बसायचा. आजी उठून त्याच्यासमोर बसायच्या. तो काही बोलायचा नाही, त्याही नाही. मग त्याने त्यांच्या परसातलं कुंपण दुरुस्त केलं, गटार साफ केलं, लिंबाचं झाड छाटलं. दोन वर्षांनी क्लबने त्याला सोडलं. मुख्य संघातून तो एकही सामना खेळला नाही. दर ख्रिसमसला त्याचं पत्र येतं, आता मुलांच्या फोटोसकट. केकमधली लिंबं त्याच झाडाची.

गेल्या वर्षीच्या ड्राफ्टला आमची निवड उशिरा आली. पश्चिमेकडचं पोरगं, हडकुळं, कान जरा पुढे आलेले. पडद्यावर त्याच्या घरातला सोफा, सोफ्यामागे आजोबा उभे. पोराला हसावं की काय करावं ते कळत नव्हतं. आजींनी नाव लिहिलं, स्पेलिंग दोनदा विचारून. केकचा तुकडा तसाच ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"तुझी लेक ॲडलेडला गेली ना शिकायला? खोली रिकामीच असेल."

मी हो म्हटलं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, चहाचा कप उचलला. टीव्हीवर पुढच्या क्लबची पाळी आली होती. मी उठले, मागच्या खोलीत गेले. पलंगावर लेकीने टाकून दिलेली पुस्तकं होती, ती उचलून कपाटात ठेवली, आणि खिडकी उघडली. दोन महिने बंद होती, जरा अडकली. बाहेर अजून उजेड होता.